तन्मणीतले मोती खरे की खोटे? दुकानदार म्हणतो सगळे खोटे (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगते.

सासूबाईंनी मला त्यांचा तन्मणी दिला. मूळ आजेसासूबाईंचा, १९४८ साली त्यांच्या लग्नात केलेला. बारीक मोत्यांचे पाच पदर, मध्ये खोड (म्हणजे पदक), खोडात लाल-हिरवे खडे आणि मागे मिन्याचं काम. दोरा इतका जीर्ण झालाय की डबीतून उचलताना धस्स होतं. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न, म्हणून गाठवून घ्यायला कॉलेज रोडवरच्या एका दुकानात नेला. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) तिथल्या मुलाने गोंड्याजवळचा एक मोती दाताला लावला, शेजारचा आणखी एक लावला आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळे खोटे. खोडाचं सोनं तेवढं खरं. खोड आम्हाला द्या, वजनात धरतो, वर थोडे पैसे घाला आणि नवीन कल्चरचा तन्मणी घेऊन जा."

घरी येऊन हे सांगायला नको होतं. सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कल्चर म्हणजे तरी खोटेच ना? खोटे देऊन खोटेच घ्यायचे, आणि वर पैसे?" मला उत्तर देता आलं नाही.

घरच्या घरी मोती ओळखता येतो का? आणि कल्चर म्हणजे नक्की काय?

रिकामटेकडा_नाशिककर

सोप्पं आहे ताई. वाटीत पाणी घ्या, मोती टाका. बुडला तर खरा, तरंगला तर खोटा. नाहीतर लायटर लावा, प्लास्टिक असेल तर वास येईल.

भिंगवाली

लायटर अजिबात लावू नका! खरा मोतीसुद्धा काळवंडतो, तडकतो. परीक्षेत पास झालेला मोती मग घालणार कोण? व्हिनेगर, लिंबू हेही नको. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळतो.

पाण्याचं म्हणाल तर काच बुडते, शिंपला बुडतो, आणि बटणाचं प्लास्टिकही बुडतं. वाटीतलं पाणी कुणालाच नापास करत नाही.

मी रत्नपरीक्षेचा कोर्स केला आहे, धंदा करत नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहिते. आधी 'खरा-खोटा' ही जोडी बाजूला ठेवा, सगळा घोळ तिथे आहे. बाजारात तीन जाती आहेत. पहिली नैसर्गिक: शिंपल्याच्या अंगात आपोआप तयार झालेला. दुसरी कल्चर, म्हणजे संवर्धित: माणसाने शिंपल्यात बीज ठेवलं, पण त्यावर थर चढवले ते जिवंत प्राण्यानेच. तिसरी नकली: काचेच्या, प्लास्टिकच्या किंवा शिंपल्याच्याच गोळीवर चकाकीचा मुलामा. सासूबाईंना सांगा, कल्चर मोती खोटा नसतो. शेतातला आंबा आणि रानातला आंबा, असं समजा. प्लास्टिकचा आंबा वेगळा.

आता दाताची परीक्षा. मोत्याचा थर सूक्ष्म चपट्या स्फटिकांचा असतो, एकावर एक कौलं रचावीत तसे. म्हणून समोरच्या दाताच्या धारेवर अलगद घासला की अगदी बारीक वाळूसारखा खरखरतो. नकली मोती गुळगुळीत सरकतो. पण यात दोन अडचणी आहेत. एक, नैसर्गिक आणि कल्चर दोन्ही खरखरतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक दाताला कळत नाही. दोन, तुम्ही ज्या मोत्याला दात लावाल त्याच्यापुरतंच उत्तर मिळतं. त्या मुलाने पाच पदरांतले दोन मोती घासले आणि सगळ्या माळेचा निकाल लावला. हे मला पटलेलं नाही.

जुना_पंचवटीकर

आमच्या लहानपणी मोती तांदळात चोळून बघायचे. जुन्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांतही भातासोबत चोळण्याची रीत सांगितली आहे: रंग उडाला तर कृत्रिम, तेज वाढलं तर अस्सल. गोमूत्रात रात्रभर ठेवण्याचा प्रकारही ऐकलाय, पण कुणी केलेला पाहिला नाही. त्याच ग्रंथांत मोती हत्तीच्या मस्तकात, डुकराच्या दाढेत, बांबूत, ढगात आणि सापाच्या फण्यातही होतो असं दिलंय, तेव्हा किती मानायचं ते आपलं आपण ठरवावं. स्वातीचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो हे तर आम्ही शाळेत निबंधात लिहायचो.

तुमचा दोरा तुटायच्या आत गाठवून घ्या. नाहीतर पानिपतच्या निरोपासारखं व्हायचं, दोन मोती गळाले. (त्यातला एक मोती ज्यांचा, त्या विश्वासरावांच्या मातोश्री गोपिकाबाई शेवटी आपल्या गंगापूरलाच येऊन राहिल्या होत्या. विषयांतराबद्दल क्षमस्व, पण मोती आणि नाशिक म्हटलं की मला हेच आठवतं.)

भिंगवाली

पंचवटीकर काका, तांदळाच्या रीतीत थोडं तथ्य आहे. कच्चा मुलामा घासला की निघतो. पण मोती फार मऊ असतो, नखापेक्षा थोडासाच कठीण. रोज चोळाल तर खऱ्याचंही तेज जाईल.

सराफगल्ली

आमची तिसरी पिढी सराफ बाजारात. सोन्याचं दुकान, मोती थोडे. घरातल्या जुन्या लोकांकडून शिकलो ते सांगतो.

आमच्याकडे मोती वरून कमी आणि वेजात जास्त बघतात. वेज म्हणजे मोत्याला पाडलेलं भोक. दहापटीचं भिंग घ्या आणि भोकाच्या कडेला बघा. नकली असेल तर कडेचा मुलामा फाटलेला दिसतो, जुन्या भिंतीवरचा ऑइलपेंट सुटतो तसा, आणि आत काचेची चमक. मण्याचं बीज घातलेला समुद्री कल्चर असेल तर भोकाच्या आत एक रेघ दिसते, वरचा थर आणि आतला मणी यांच्या सांध्याची. गोड्या पाण्याच्या कल्चरमध्ये बहुतेक वेळा मणी नसतोच, शिंपल्याच्या मांसाचा तुकडा घालतात, म्हणून ती रेघ सापडत नाही.

आणि अस्सल जुना बसरा, म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती असेल तर वेज सुईच्या टोकासारखं बारीक. त्याचं कारण पैशाचं आहे. मुंबईच्या बाजारात मोत्याचा भाव 'चव' काढून ठरायचा आणि चवीचा हिशेब वजनाच्या वर्गावर. वजन दुप्पट झालं की किंमत चौपट. मग भोक मोठं पाडून वजन कोण घालवेल? आजच्या मोत्यांना यंत्राने सरसकट मोठी भोकं असतात.

'बसरा' नावाबद्दलही थोडं. हे मोती बसऱ्याच्या नदीत होत नसत. इराणच्या आखातात, विशेषतः बहारीनच्या बाजूला, पाणबुडे काढायचे. व्यापार बसऱ्यावरून व्हायचा, म्हणून ते नाव. माल मुंबईला यायचा, तिथे वेज पडायचं, निवड व्हायची आणि पुढे युरोपात जायचा. जपानात मिकिमोतोंनी १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवला. पुढे गोल मोतीही जमला, १९२० नंतर तो जगभर विकला जाऊ लागला आणि १९३० च्या मंदीत आखाताचा धंदा बसला. म्हणजे १९४८ च्या तन्मणीत बसराही असू शकतो आणि जपानी कल्चरही. दोन्ही त्या काळात मिळत होते. बारीक मोती, दुधट-पिवळसर झाक आणि एकही दुसऱ्यासारखा नाही, असं असेल तर बसऱ्याची आशा धरा.

खोड देऊ नका. जुन्या खोडाची घडाई आज कुणी तशी करून देत नाही.

मोहाडीची_सून

माझाही एक मोती घ्या पदरात. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडाजवळ एका बाबाने आमच्या आईंना 'गजमुक्ता' दिला. घरात ठेवला की लक्ष्मी हलत नाही म्हणे. सुपारीएवढा, पांढराशुभ्र. दोन वर्षांनी देवघरातला दिवा कलंडून तेल सांडलं. पुसायला गेले तर गजमुक्त्याची साल निघाली आणि आत पिवळट प्लास्टिक. आईंनी तो तरीही टाकला नाही. म्हणतात, लक्ष्मी हलली नाही ना?

रिकामटेकडा_नाशिककर

हत्ती प्लास्टिक खात असणार.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना आंब्याचं उदाहरण सांगितलं. म्हणाल्या, "रानातल्या आंब्याची चव वेगळी असते." चवीचा हिशेब त्यांना न सांगताच कळला बहुतेक.

मुलाने मोबाइलला चिकटवायची छोटी लेन्स आणली. काल रात्री टेबलावर पांढरा पंचा अंथरून बघत बसलो. खोडाजवळच्या मोत्यांवर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेषा दिसतात. गोंड्याजवळच्या काही मोत्यांवर काहीच नाही, नुसते बारीक खड्डे, रंगाचा फवारा मारल्यासारखे. मध्ये काही लांबट, तांदळासारखे सुरकुतलेले आहेत. एकाच माळेत तीन प्रकार कसे?

भिंगवाली

अरे वा, म्हणजे माळ मिश्र आहे. रेषावाले खरे, नैसर्गिक की कल्चर ते पुढे बघू. फवाऱ्यासारखे दिसतात ते नकली. आणि दुकानातल्या मुलाने गोंड्याजवळचेच दोन घासले होते असं तुम्हीच लिहिलंय!

तांदळासारखे सुरकुतलेले बहुधा गोड्या पाण्याचे चिनी. तो माल बाजारात आला १९७० नंतर, त्यामुळे ते १९४८ चे असणं शक्य नाही. कुणीतरी मध्ये माळ उघडली आहे.

कळवणकर७

झालं! गाठवायला दिली तेव्हा सोनाराने मोती काढून घेतले आणि खोटे भरले. हे सर्रास चालतं. पोलिसात जा.

सराफगल्ली

सर्रास चालतं असं नका म्हणू साहेब. चालत नाही असंही मी म्हणणार नाही. पण काढणाऱ्याने खोडाजवळचे, दर्शनी, सगळ्यात मोठे मोती काढले असते. ते जागेवर आहेत आणि बदललेत ते मागचे, मानेकडचे, जे केसांखाली झाकतात. चोर असा काटकसरी नसतो.

गाठवायला देताना एवढं करा. पदर किती, प्रत्येक पदरात मोती किती हे मोजून पावतीवर लिहून घ्या, वजन करून घ्या, फोटो काढा. जमलं तर समोर बसून गाठवा. आमच्याकडचे जुने पटवेकरी (दागिने गाठवणारे) गिऱ्हाईक समोर असलं तरी हात हलू देत नाहीत.

हॉलमार्कचंही सांगतो, कारण लोक फसतात. दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयुआयडी आहे म्हणून मोती खरे, असं समजू नका. तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा आहे, मोत्याशी त्याचा संबंध नाही. नवीन मोत्याचा दागिना घेताना बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि मोत्याचा प्रकार वेगळा लिहून मागा. 'मोती' एवढंच लिहिलं तर पुढे भांडायला जागा राहत नाही.

इंदिरानगरी

हैदराबादेहून चारमिनारजवळून मोती आणलेत. तिथले तरी खात्रीचे ना?

भिंगवाली

हैदराबादला समुद्र नाही. निजामाच्या काळापासून तिथे मोत्यांचा व्यापार आणि वेज पाडण्याचं कसब आहे, मोती बाहेरून येतात. आज तिथे जे मिळतं त्यात चीनचे गोड्या पाण्याचे कल्चर भरपूर. ते खरे मोती आहेत, फक्त स्वस्त, कारण एका शिंपल्यात एका वेळी वीस-तीस पिकतात. समुद्री शिंपल्यात साधारण एक-दोनच. शंका असेल तर माळेतले दोन मोती एकमेकांवर हळूच घासा. किंचित खरखर आणि पांढरी पूड आली, पुसल्यावर मोती जसाच्या तसा, तर ठीक. सगळे मोती अगदी सारखे, एका साच्यातून काढल्यासारखे गोल आणि भाव शेंगदाण्याचा, तर मात्र संशय घ्या. हातात घेतल्यावर थंड लागतात ही परीक्षा प्लास्टिकपुरती. काचही थंडच लागते.

कवळाणेकर

मालेगाव तालुक्याचं नाव कुणी काढत नाही म्हणून मीच काढतो. आमच्या कवळाण्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. त्या गादीच्या खजिन्यातल्या बसरा मोत्यांची दोनपदरी माळ २००७ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात ७० लाख डॉलरच्या वर गेली. खंडेराव महाराजांनी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा २००९ मध्ये दोह्यात साधारण ५५ लाख डॉलरला विकला. ताई, तुमच्या मोत्यांचे नातेवाईक मोठे आहेत, जपून बोला त्यांच्याशी.

मोहाडीची_सून

शेततळ्यात मोतीशेती करा, मोती आम्हीच परत विकत घेऊ, असं सांगणारे आमच्याकडे येतात. कुणी केलंय का?

सराफगल्ली

त्यासाठी वेगळा धागा काढा. एकच सांगतो, आपल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यात मोती होतो, त्यात खोटं काही नाही. पण विकत घेण्याची हमी देणाऱ्यांच्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी मागच्या वर्षी कुणाचे घेतले ते विचारा.

गोदाकाठची

अपडेट देते.

शनिवारी सासूबाईंना घेऊन सराफ बाजारात गेले. एका अरुंद जिन्याखाली पटवेकरी काका बसतात. त्यांनी माळ हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोती डोळ्यांपाशी नेऊन उजेडात फिरवले. भिंग घेतलंच नाही. मग दोरा कापला आणि पितळी थाळीत तीन ढीग केले. मोजून सांगितले: जुने बारीक वेजाचे २१२, चिनी ४६, काचेचे १८. जुन्या ढिगाकडे बोट करून म्हणाले, "हा बसरा असावा. पण मी कागद देणार नाही. कागद मुंबईला."

काचेच्या मोत्यांवर त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. २०१९ च्या पुरात त्यांच्या जिन्याखाली पाणी शिरलं. दोन दिवसांनी डबे उघडले तर काचेच्या मोत्यांचा मुलामा सालपटासारखा पाण्यावर आलेला आणि खरे मोती चिखलात, मळकट पण शाबूत. धुऊन पुसले, पुन्हा विकले. "दुतोंड्या मारुती बुडाला की गंगाच मोती पारखते," म्हणाले. (दुतोंड्या मारुती म्हणजे गोदापात्रातली मूर्ती, ती बुडाली की मोठा पूर. आणि गंगा म्हणजे आमची गोदावरी.)

आणि मोती बदलले कुणी? चुलतसासूबाईंना फोन लावला. त्या हसतच सुटल्या. १९८१ साली धाकट्या दिरांच्या मुंजीत, पंचवटीतल्या वाड्यात, भिक्षावळीच्या गडबडीत आजेसासूबाईंच्या गळ्यातला तन्मणी कुणाच्या तरी कोपराने तुटला. शहाबादी फरशीवर मोती उधळले. सगळी पोरं रांगत वेचायला लागली, तरी बरेच मोरीत गेले. घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून दोघी जावांनी आपापसात पैसे काढले. जमतील तेवढे मोती आणले, उरलेली जागा बांगडीवाल्याकडच्या काचेच्या मण्यांनी भरली आणि तेच मुद्दाम मागे घातले. त्या दोन जावांपैकी एक म्हणजे आमच्या सासूबाई!

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या गोंडा बघत होत्या. म्हणे, "इतक्या वर्षांत मला वाटलं सगळेच बसले असतील एकसारखे."

म्हणजे दुकानदार "सगळे खोटे" म्हणाला तेव्हा त्या जेवल्या नाहीत, त्याचं कारण मला वाटलं होतं त्याहून वेगळं होतं.

कळवणकर७

माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो. पोलिसात जाऊ नका.

जुना_पंचवटीकर

आम्हीही एक मुंज अशीच... असो. वाड्याच्या मोरीत अजून असतील का हो ते?

भिंगवाली

कमाल आहे! आता तांत्रिक उरलंसुरलं. २१२ मोती नैसर्गिकच आहेत हे ठामपणे फक्त एक्स-रे सांगू शकतो. आतले थर कांद्यासारखे, केंद्रापासून चढत गेलेले दिसले तर नैसर्गिक. मण्याचा गोल दिसला किंवा मध्ये वेडीवाकडी पोकळी दिसली तर कल्चर. मुंबईतल्या रत्नप्रयोगशाळा हे करतात. विकायचा किंवा विमा काढायचा असेल तरच खर्च करा. अंगावर घालायचा असेल तर पटवेकरी काकांचा डोळा पुरे.

आणि निगा: अत्तर, केसांचा फवारा, पावडर सगळं झाल्यावर शेवटी तन्मणी घालायचा आणि घरी आल्यावर आधी तो काढायचा. घामाने मोती पिवळे पडतात, म्हणून मऊ ओलसर कापडाने पुसून सुकू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुनं मलमल उत्तम. रिठ्यात भिजत घालू नका, दोरा कुजतो.

सराफगल्ली

काचेचे मणी बदलून तिथे कल्चर भरून घेणार का? बारीक गोड्या पाण्याचे फार महाग पडणार नाहीत.

गोदाकाठची

काकांनीही तेच विचारलं. मी सासूबाईंकडे बघितलं, त्या म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड कशाला? आहेत ते राहू देत मागे. तिथे कोण बघतंय." काकांनी अठराच्या अठरा मणी पुन्हा गोंड्याजवळ ओवले, चिनी त्यांच्या पुढे आणि बसरा खोडाकडे. नवीन रेशमी दोरा, नवीन जरीचा गोंडा. दीड तास समोर बसलो होतो. पावतीवर तिन्ही आकडे लिहून घेतले.

चुलतसासूबाई लग्नाला येणार आहेत. दोघी जावांनी तन्मणी कोण घालणार यावर फोनवर आत्ताच भांडायला सुरुवात केली आहे. मी घालणार आहे, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

इंदिरानगरी

पटवेकरी काकांचा पत्ता मिळेल का? माझी चिंचपेटी तीन वर्षं डबीत सुटी पडली आहे.

गोदाकाठची

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. गाडी बाजारात नेऊ नका, गंगेवर लावा आणि चालत जा. आणि मोती आधी घरी मोजून न्या.